एसीत दर उन्हाळ्याला गॅस भरताय? आधी गळती शोधा

एप्रिल लागला की वळसंग आणि आसपासच्या गावांतून दहा-पंधरा वर्षांच्या अल्टो, वॅगनआर, इंडिका सोलापूरकडे निघतात, एसीत गॅस भरायला. दीड-दोन हजार मोजायचे, पावसाळ्यापर्यंत गार हवा खायची आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा त्याच गॅरेजपुढे उभं राहायचं. चार-पाच उन्हाळ्यांत आठ-दहा हजार जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. घरातली म्हातारी माणसं, लहान मुलं घेऊन दवाखान्याला निघायचं तर एसी ही इथे चैन नाही. म्हणूनच त्यावरचा पैसा योग्य जागी पडायला हवा.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षं थोडासा झिरपतो, हे खरं. त्यामुळे पाच-सहा वर्षांनी एकदा भरावा लागला तर तक्रार नाही. पण दरवर्षी कमी होत असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि गळक्या माठात पाणी ओतण्यासारखा तो खर्च आहे. शिवाय आर-१३४ए हा नेहमीचा गॅस हवेत सुटला की वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो.

खाली दिलेले आकडे छोट्या हॅचबॅकचे, खासगी गॅरेजमधले आणि ढोबळ आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला यापेक्षा जास्त धरा.

गॅरेजला जाण्याआधी घरच्या अंगणात गाडी चालू करून बघा. हवाच कमी येते का, की हवा भरपूर आहे पण गार नाही? ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे खर्चही वेगळे. हवा कमी असेल तर सहसा गॅसचा संबंध नसतो. बहुधा केबिन फिल्टर धुळीने गच्च झालेला असतो. नवा २०० ते ५०० रुपयांना मिळतो आणि बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स उतरवून स्वतःच बसवता येतो. अनेक जुन्या छोट्या गाड्यांत हा फिल्टर कंपनीने दिलेलाच नसतो, मग सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि खालच्या नंबरांवर बंद? मग ब्लोअरचा रेझिस्टर गेला आहे, ३०० ते ९०० रुपये. ब्लोअरची मोटरच गेली तर दीड ते साडेतीन हजार. शेतात किंवा गोठ्याजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदराने वायर कुरतडली नाही ना, ब्लोअरमध्ये घरटं केलं नाही ना, हेही पाहून घ्या.

हवा भरपूर आहे पण कोमट आहे, तर बॉनेट उघडा आणि दुसऱ्याला एसीचं बटण दाबायला सांगा. कॉम्प्रेसरवरून ‘टक्’ असा आवाज येऊन पुलीचा पुढचा भाग फिरायला लागला पाहिजे. इंजिन चालू असताना हात, बाही, ओढणी लांब ठेवा. आवाज आलाच नाही तर आधी फ्यूज आणि रिले तपासा. शे-दोनशे रुपयांत काम होऊ शकतं. गॅस फार कमी झाला तरी प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही. त्यामुळे तो फिरत नाही एवढ्यावरून ‘कॉम्प्रेसर गेला’ असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. मॅग्नेट क्लच (पुलीचा तो पुढचा भाग) गेला असेल तर तो अडीच ते पाच हजारांत बदलतो, अख्खा कॉम्प्रेसर बदलावा लागत नाही.

अक्कलकोट रोडने पळताना गार आणि गुरुवारी अक्कलकोटच्या गर्दीत थांबलं की गरम, अशी तक्रार इथे फार असते. हे कंडेन्सरचं लक्षण. रेडिएटरच्या पुढे उभी असलेली ही जाळी वाकून पाहा: बारीक पत्र्यांच्या फटींत मळलेली धूळ, चिलटं, वाळलेल्या पाचटाचे तुकडे चिकटलेले दिसतील. पळताना वाऱ्याने भागतं, थांबल्यावर वाराच मिळत नाही. गाडी गार झाल्यावर साध्या नळाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पत्रे वाकतात आणि काम बिघडतं. एसी चालू केल्यावर समोरचा फॅन फिरतो का, तेही बघा. धुलाई फुकट किंवा तीन-चारशे रुपयांत होते. माझ्या मते सोलापूर भागात एसीवरचा पहिला खर्च हाच असावा.

आता गळती. जोड, होज आणि कंडेन्सरचे कोपरे टॉर्चने पाहा. एखाद्या जोडावर तेलकट, काळपट डाग आणि त्यावर धूळ बसलेली असेल तर गॅस तिथूनच जातो आहे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. एवढ्यावर निभावलं तर ओ-रिंग बदलून काम होतं. किंमत किरकोळ, मजुरी तेवढी. गॅरेजमध्ये नायट्रोजन भरून आणि साबणाचं पाणी लावून तपासायला सांगा, ५०० ते ८०० रुपये लागतील. लीक काढल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम झालाच पाहिजे, आणि गॅस अंदाजाने नव्हे तर वजन करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच भरला पाहिजे. जास्त भरला तरी गारवा कमी होतो. व्हॅक्यूमसह गॅस भरायला १,२०० ते २,५०० रुपये होतात. फार स्वस्तात कुणी भरून देत असेल तर डब्यावरचं नाव वाचा. एलपीजीसारखा जळणारा गॅस गाडीत भरून घेणं जिवावर बेतू शकतं.

मोठे खर्च तीन. कंडेन्सर तीन ते सात हजार. कूलिंग कॉइल अडीच ते सहा हजार, पण डॅशबोर्ड उतरवावा लागला तर मजुरी वेगळी दीड ते तीन हजार. एकदा उतरवलाच आहे तर एक्सपान्शन व्हॉल्व्हही त्याच वेळी बदला. कॉम्प्रेसर नवा आठ ते वीस हजार, दुरुस्त केलेला चार ते सात हजार. कॉम्प्रेसर आतून तुटला असेल तर धातूचा कीस सगळ्या नळ्यांत जातो. त्या नळ्या न धुता आणि ओलावा शोषणारा ड्रायर न बदलता नवा बसवला तर तोही जातो. भंगारातला कॉम्प्रेसर लेखी गॅरंटीशिवाय घेऊ नये. आणि गाडीच लाखाच्या आतली असेल, कॉइल आणि कॉम्प्रेसर दोन्ही गेले असतील, तर पंचवीस हजार घालण्याआधी घरात बसून विचार करा.

   

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लिहून घ्या, काढलेला जुना पार्ट परत मागा आणि पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. बिलावर २८ लावला असेल तर विचारा. पैसे घेऊन काम झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. तक्रार टिकते ती बिलावर.

गाडी फेब्रुवारीतच दाखवा. एप्रिलमध्ये गॅरेजपुढे रांग असते, आणि रांगेत गळती शोधायला कुणाला वेळ नसतो.