मोहफुलांचा पानगा

इंग्रजीच्या तासाला एका अमेरिकन कथेत 'पीच कॉब्लर' हा शब्द आला आणि सगळा वर्ग अडला. कॉब्लर म्हणजे चांभार एवढेच आम्हांला ठाऊक. सर हसले आणि म्हणाले, "हा खाण्याचा पदार्थ आहे. खाली फळ, वर कणीक, आणि सगळे भांड्यात घालून भाजायचे." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आणि सर, पीच म्हणजे?" सर म्हणाले, "सप्ताळू." त्यानेही काही उजेड पडला नाही. सप्ताळूच्या झाडाला चांगली थंडी लागते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे तापणाऱ्या आमच्या चंद्रपुरात ते कोणी कशाला लावील?

पण शब्द डोक्यात राहिला. ग्रंथालयात थोडी शोधाशोध केली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पश्चिमेकडे वस्ती करीत गेलेल्या लोकांचा हा पदार्थ. १८५९ साली छापलेल्या एका अमेरिकन शब्दकोशात तो नोंदवलेला आहे. या लोकांजवळ भट्टी नव्हती. होते ते तीन पायांचे बिडाचे भांडे, आणि त्याला उभ्या काठाचे झाकण. भांडे निखाऱ्यांवर ठेवायचे आणि झाकणावरही निखारे रचायचे. खालून आणि वरून सारखी धग लागली की कणीक भाजून निघते. झाकणाचा काठ उभा कशासाठी, तर निखारे घसरून पडू नयेत म्हणून.

हे वाचले आणि मला माझ्या आजीची चूल आठवली. वर विस्तव, खाली विस्तव, मध्ये पानगा!

वाचकहो, ही आठवण मला सुखाची नाही. तिचे कारण आधीच सांगून टाकतो. अकरावीला मी पहिल्यांदा गाव सोडून वसतिगृहात राहायला आलो, तेव्हा आजीने डब्यात मोहाचे चार पानगे घालून दिले होते. दुसऱ्या दिवशी खोलीत डबा उघडला आणि एकजण नाक दाबून ओरडला, "अरे, याने मोहाची आणली!" हसणे झाले, ते व्हरांड्यात गेले, आणि वसतिगृहाच्या देखरेखीवर असलेल्या गृहस्थांनी माझी पेटी सर्वांसमक्ष उघडून पाहिली. पेटीत काही नव्हते. पण त्या संध्याकाळी मी चारही पानगे मागच्या नाल्यात टाकले आणि डबा साबणाने तीनदा धुतला. सुटीत घरी गेल्यावर आजीला सांगितले, "चांगले झाले होते."

त्यानंतर मी पानगा कधी मागितला नाही, आणि तिनेही कधी दिला नाही.

यंदा दिवाळीच्या सुटीत वही घेऊन तिच्या चुलीपाशी बसलो. आमचे गाव धानोरा तालुक्यात. आजीने प्रथम मला वाटेलाच लावले. "आता कायले पायजे तुले पानगा? तुमी त बिस्किटं खाता." कॉलेजच्या अंकात लिहायचे आहे म्हटल्यावर तिला आणखीच नवल वाटले. पण ढोलीतून फुले काढून तिने सुपात ओतली.

येथे मोहाविषयी थोडे सांगणे भाग आहे. आपण रोज ज्या झाडाखालून जातो त्याच्याकडे आपण क्वचितच पाहतो. मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात, म्हणजे मार्च-एप्रिलात, रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. जमिनीवर पडते ती खरे तर फुलाची मांसल, पिवळसर पांढरी कुपी, आणि तिच्या आत चिकटलेले केसर. फळ धरणारा भाग फांदीवरच राहतो. म्हणून एकच झाड चैत्रात फूल देते आणि पावसाच्या तोंडावर टोळही देते. टोळाचे तेल निघते, ते वेगळे. फूल वेचल्याने फळाचे काहीच नुकसान होत नाही, असे पीक मला तरी दुसरे माहीत नाही. आमच्याकडे गोंडी बोलणारे शेजारी त्याला बोलीप्रमाणे इरु किंवा इरुप म्हणतात. तमिळमध्ये याच झाडाला इलुप्पै म्हणतात. दोन्ही शब्द एकाच द्राविड कुळातले आहेत, हे मला भाषाशास्त्राच्या पेपरापायी कळले. पेपराचा एवढा तरी उपयोग झाला.

ताज्या फुलात बहुतेक पाणीच असते. वाळल्यावर मात्र वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर उरते. ही साखर लवकर करपते, आणि ओलावा मिळाला की लवकर आंबते. पानग्याची सारी विद्या या दोन गोष्टींत आहे.

आजीने पहिली गोष्ट केली ती अशी की मूठभर फुले कानाशी नेऊन हलवली. "खुळखुळ वाजला पायजे," ती म्हणाली. जी फुले वाजली नाहीत, हाताला चिकटली, काळपट होऊन एकमेकांत गुंतली होती, ती तिने बाजूला काढली. मी वास घेतला. तोच वास! वसतिगृहाच्या खोलीतला. मग वाजणाऱ्या फुलांचा घेतला. त्यांना मनुकांसारखा, थोडा गवतासारखा वास होता, दारूचा नव्हता.

"वास फुलाले नसते रे," आजी म्हणाली, "वल्याले असते."

मी वहीत लिहून घेतले. पावसाळ्यात ढोलीत ओल शिरली, किंवा वाळवताना एक ऊन कमी पडले, की हवेतले किण्व साखरेवर काम सुरू करते. दारू गाळणारा हेच मुद्दाम, पाणी घालून, दिवस मोजून करतो. सैंपाक करणारीला ते होऊ द्यायचे नसते. एकाच फुलाला दोन वाटा फुटतात, आणि दोन्ही वाटा पाण्यापाशी वेगळ्या होतात. त्या वर्षीच्या डब्यातले पानगे अर्धवट गरम असतानाच झाकले होते, दिवसभर एस.टी.त उन्हात होते. वास येणारच होता.

आता कृती. दोन वाट्या वाळलेली फुले तळहातावर चोळायची म्हणजे आतले केसर सुटतात. सुपात पाखडले की उडून जातात. हा भाग कंटाळवाणा आहे आणि मी तो टाळू पाहिला. टाळू नये, केसर राहिले तर पानगा दाताखाली कुसासारखा लागतो आणि घशाशी खरखरतो. मग फुले दोन पाण्यांनी धुऊन, बुडतील एवढ्याच पाण्यात मऊ होईतो शिजवायची. पाणी आटले पाहिजे. ती पाट्यावर वाटली की तांबूस, चिकट गोळा होतो. त्यात तांदळाचे पीठ दोन वाट्या, गव्हाचे अर्धी वाटी, चिमूटभर मीठ. वरून पाणी नाही, गूळ नाही. चारोळी असेल तर मूठभर. गव्हाचे पीठ कशाला, असे मी विचारले. नुसत्या तांदळाचा पानगा उलटताना फुटतो, एवढेच कारण. आजीच्या लहानपणी तेही नव्हते. तेव्हा फुटलेलाच खात.

मी पीठ मळत होतो आणि आजी पळसाची पाने पुसत होती. तेव्हा मी म्हणालो, "आजी, तू अकरावीला दिलेला डबा मी खाल्ला नव्हता वं. फेकला होता."

ती पाने पुसतच राहिली. "मले मालूम हाय. डबा घासून आनला होतास. तू कधी डबा घासला हायस का?"

एवढेच. पुढे ती म्हणाली की पीठ सैल झाले आहे, अजून मूठभर टाक.

गोळ्याला बोटभर जाडीचा आकार देऊन तो पळसाच्या दोन पानांत ठेवायचा. पान पोळू नये म्हणून बाहेरून पाण्याचा हात. माझा पहिला पानगा मी सरळ लाल निखाऱ्यांवर ठेवला. वरून दोन मिनिटांत कोळसा, आत कच्चे पीठ. मघाशी सांगितलेली साखर ती हीच. "इस्तोवर नाई, राखेत ठेवाचा," म्हणत आजीने गोवऱ्यांची आच खाली सारली, गरम राखेचा थर केला, त्यावर पानगे मांडले, त्यावर पुन्हा राख आणि सर्वांत वर निखारे. अमेरिकेच्या माळरानावरच्या बाईने बिडाच्या झाकणावर जे केले, ते आमच्याकडे राखेवर होते. अर्ध्या तासाने एकदा उलटायचे, आणखी पाव तास ठेवायचे. पान करपून गळून पडते आणि त्याच्या शिरा पानग्यावर उठतात. बोटाने वाजवले की टणक वाजला पाहिजे.

आणि मग तो उघडा, टोपलीत पालथा, पूर्ण निवेपर्यंत ठेवायचा. घाईने डब्यात भरायचा नाही. ही पायरी मी वहीत दोनदा अधोरेखित केली आहे.

चव? मनुका, करपलेला गूळ आणि धूर यांच्या मधली कोठलीतरी. सर्वांना आवडेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी मी खरा कॉब्लर करायचा हट्ट धरला. फुलांचा शिजवलेला लगदा खाली, पिठाचा थर वर, अल्युमिनियमची डेगची, झाकणावर निखारे. पातळ बुडाच्या डेगचीत लगदा तळाशी लागला आणि वरचे पीठ वाफेने उकडले. डेगची घासायला मला एक दुपार लागली. जाड मातीच्या गाडग्यात मात्र जमले. खाली बासुंदीइतका दाट लगदा, वर भाकरीसारखा पापुद्रा. आजीने चाखून सांगितले की हे म्हाताऱ्यांसाठी बरे, दात लागत नाहीत.

येथे एका गोष्टीची चर्चा टाळता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती लोकांच्या चळवळीतून आली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. दारूने आमच्या गावातली दोन घरे माझ्या डोळ्यांदेखत मोडली, त्यामुळे या चळवळीची थट्टा मी करणार नाही. पण दारूबरोबर फूलही आरोपी झाले. ठरावीक मर्यादेपलीकडे मोहफूल बाळगायला आणि न्यायला परवाना लागे. राज्य शासनाने २०२१ मध्ये ही बंधने उठवली. त्याच्या आधी, वनहक्क कायद्यानुसार, आमच्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला होता. कागदावर फूल मोकळे झाले. वसतिगृहाच्या खोलीत अजून झालेले नाही असे मला वाटते.

घरातूनही ते चालले आहे, आणि त्याचा दोष कोणाच्या नाकावर टाकता येत नाही. चैत्रात हातात पैसा नसतो. वेचलेले फूल दोन उन्हे खाऊन लगेच व्यापाऱ्याकडे जाते. पाच-सहा उन्हे देऊन घरच्यासाठी राखायला कोणाला धीर नाही. वेचणेही सोपे राहिलेले नाही. झाडाखालचा पाचोळा जाळला की फुले दिसतात, पण तोच जाळ वणवा होतो. न जाळता झाडून घ्यायचे, तर पहाटेच्या अंधारात, अस्वल-वाघाच्या धाकात, वाकून जास्त वेळ बसावे लागते. अस्वलालाही मोह आवडतो. आजीचे गुडघे आता वाकत नाहीत. गेल्या चैत्रात ढोलीत पडले ते दोन पायल्याच, आणि त्यातलेही पाऊण आम्ही दिवाळीत संपवले.

सहा पानगे घेऊन मी वसतिगृहात परतलो. पूर्ण निवलेले, कागदात गुंडाळलेले. खोलीतल्या तिघांनी एकेक घेतला. एकाने अर्धा ठेवून दिला, एकाने दुसरा मागितला. एक इंग्रजीच्या सरांना नेऊन दिला. सरांनी तो मोडून वास घेतला, खाल्ला आणि विचारले, "याला इंग्रजीत काय म्हणशील?" मी सांगितले की अजून ठरले नाही.

उरलेल्या फुलांची मोजून एक पायली आजीने वेगळी बांधून ठेवली आहे. मार्चमध्ये पंधरा दिवस येऊन पहाटे वेचून दे, वाळवायचे मी पाहीन, असे तिचे म्हणणे आहे. परीक्षेचा अभ्यास त्याच दिवसांत येतो. मी पुस्तके घेऊन जाणार आहे. मोह सकाळी नऊपर्यंत वेचून होतो.