जन्मतः पापी की जन्मतः निष्पाप?

पुण्याच्या लष्कर भागात मशिदी आणि चर्च हाकेच्या अंतरावर आहेत. आपली अनेक मुले मिशनच्या शाळांत शिकतात आणि ख्रिस्ती शेजारी आपल्या सुखदुःखात सहभागी असतात. साहजिकच, मनुष्य जन्मतःच पापी असतो हे विधान मुलांच्या कानी पडते आणि ती घरी येऊन विचारतात, ‘आपणही पापी म्हणूनच जन्मलो का?’ ‘ते त्यांचे, हे आपले’ एवढे उत्तर येथे पुरेसे नाही. ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच चर्चा करावी, असा दिव्य कुरआनचा आदेश आहे (२९:४६). त्यांचे म्हणणे आधी नीट समजून घेणे, ही त्या रीतीची पहिली अट होय.

ख्रिस्ती धर्माची भूमिका

बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संत पौलाने असे प्रतिपादन केले आहे की, एका मनुष्याच्या द्वारे पाप जगात आले आणि पापामागून मृत्यू आला. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (इ.स. ३५४-४३०) यांनी या विचाराला सविस्तर रूप दिले. आदमच्या अपराधाचा दोष जन्माबरोबरच प्रत्येक मानवाकडे येतो, असे त्यांनी मांडले. यालाच ‘मूळ पाप’ म्हणतात. सर्व ख्रिस्ती पंथ मात्र याबाबत एकमत नाहीत. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चच्या मते आदमकडून आपल्याला मृत्यू आणि दुर्बलता मिळाली, त्याचा अपराध नव्हे.

पुढचा दुवा तारणाचा आहे. ईश्वर न्यायी असल्यामुळे पाप शिक्षेविना सुटू शकत नाही आणि मनुष्य ती भरपाई करू शकत नाही. म्हणून ईश्वराने प्रेमापोटी निष्पाप येशूच्या वधस्तंभावरील मरणाने ती भरपाई केली, अशी त्यांची श्रद्धा आहे. मराठीत ही मांडणी चार शतकांपासून आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झाले. त्याचा पहिला भाग सृष्टीची निर्मिती आणि आदमचे पतन येथून सुरू होतो, तर दुसरा ख्रिस्तचरित्र सांगतो. आधी पतन, मग तारणारा, हा क्रम त्या श्रद्धेचा गाभाच आहे.

ही केवळ पुस्तकी चर्चा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतर काही वर्षांनी, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला असला तरी तारणारा मिळालेला नाही, या जाणिवेने त्या अस्वस्थ झाल्या, असे त्यांनी स्वतःच्या साक्षीत नमूद केले आहे. पुण्याजवळील केडगाव येथे त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली अनेक स्त्रिया व मुली आपापल्या पापांच्या आठवणीने रडत प्रार्थना करीत होत्या. त्यांच्या उत्तराशी आपण सहमत नाही; पण पापाची ही तीव्र जाणीव उपहासाचा विषय नाही. पापाला क्षुल्लक समजणाऱ्या मनापेक्षा पापाने व्याकूळ झालेले मन सत्याच्या अधिक जवळ असते.

इस्लामचे उत्तर

पहिली गोष्ट हजरत आदम (अ.) यांच्याविषयी. दिव्य कुरआननुसार सैतानाने दोघांनाही बहकविले, दोघांनीही चूक मान्य करून क्षमा मागितली (७:२०-२३) आणि अल्लाहने आदमची तौबा स्वीकारली (२:३७). दोष केवळ हव्वा (अ.) यांच्या माथी मारलेला नाही. जो अपराध क्षमा झाला, तो वारशाने पुढे जाण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय मनुष्याला पृथ्वीवर खलीफा नेमण्याचा निर्णय अल्लाहने त्याआधीच घोषित केला होता (२:३०). म्हणजे पृथ्वीवरचे आपले जीवन ही शिक्षा नसून जबाबदारी आहे.

दुसरी गोष्ट, कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे तत्त्व कुरआनने पुनःपुन्हा सांगितले आहे (६:१६४, १७:१५, ३५:१८). प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार प्रत्येक बालक ‘फितरत’वर, म्हणजे निर्मळ मूळ प्रकृतीवर जन्मते (बुखारी, मुस्लिम). म्हणून ज्या माता-पित्यांचे तान्हे मूल दगावले, त्यांनी त्याच्या पापाची चिंता करू नये. त्याच्या नावावर एकही पाप नाही.

तिसरी गोष्ट न्याय आणि क्षमा यांची. सावकाराने आपले येणे स्वेच्छेने सोडले तर त्याला कोणी अन्यायी म्हणत नाही. अल्लाह आपला हक्क क्षमा करतो, तेव्हा त्याला कोणाच्या बलिदानाची गरज नसते. हजरत ईसा (अ.) यांना आपण थोर प्रेषित मानतो, त्यांना सुळावर चढविले गेले नाही, असे कुरआन स्पष्ट करते (४:१५७). मराठी ख्रिस्ती बांधव मुक्तीला ‘तारण’ म्हणतात. मराठीत कर्जासाठी गहाण ठेवलेल्या वस्तूलाही तारणच म्हणतात. अजानमध्ये आपल्याला ज्याकडे बोलाविले जाते ती ‘फलाह’ आहे. ज्या धातूपासून हा शब्द आला, त्यापासूनच अरबीत शेतकऱ्याला ‘फल्लाह’ म्हणतात. शेतकरी जमीन नांगरतो, पेरतो आणि पावसासाठी आकाशाकडे पाहतो. श्रम त्याचे, कृपा अल्लाहची. स्वतः प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की कोणीही केवळ आपल्या कर्मांच्या बळावर स्वर्गात जाणार नाही, अल्लाहच्या कृपेची गरज खुद्द त्यांनाही आहे (बुखारी, मुस्लिम).

निष्पाप जन्माची जबाबदारी

येथे थांबलो तर आपण वादात जिंकू, परंतु परलोकात हरू. आदमचा दोष आपल्यावर नाही, याचा अर्थ आपला दोष आदमवर ढकलता येणार नाही. अल्लाहच्या हक्कात झालेल्या पापासाठी तौबेच्या तीन अटी आहेत : पाप सोडणे, त्याचा पश्चात्ताप होणे आणि पुन्हा न करण्याचा दृढ संकल्प. माणसाचा हक्क बुडविला असेल तर चौथी अट येते, तो हक्क परत करणे. बहिणीचा वारसाहक्क दाबून उमऱ्याला जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. नमाज, रोजा आणि जकात घेऊन आलेला, पण लोकांवर अन्याय केलेला मनुष्य कयामतच्या दिवशी आपली पुण्ये पीडितांना देत देत कफल्लक होईल, असा इशारा प्रेषितांनी (स.) दिला आहे (मुस्लिम).

आणखी एक आत्मपरीक्षण आवश्यक आहे. मूळ पाप आपण नाकारतो. मग बाप तुरुंगात गेला म्हणून मुलीची सोयरीक का मोडतो? भावाच्या व्यसनाचा टोमणा बहिणीला का मारतो? ‘तू बापासारखाच निघणार’ असे लेकराला का सुनावतो? तोंडाने नाकारलेला सिद्धान्त आपण घरात आचरणात आणत असतो.

म्हणून मुलाने तो प्रश्न विचारला, तर त्याला जवळ घेऊन सांगावे : बाळ, अल्लाहने तुला निर्मळ जन्माला घातले आहे. मोठा होशील तसे तुझ्या हातून चुका होतील, तेव्हा लपू नकोस, त्याच्याकडे वळ. आणि तुझ्या ख्रिस्ती मित्राला हिणवू नकोस. तोही क्षमाच शोधतो आहे.

अल्लाह आपणा सर्वांना खरी तौबा आणि इतरांचे हक्क परत करण्याचे बळ देवो. आमीन.