औषधाला अन्नाची जोड

क्षयरोगावर आज खात्रीचे औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते विनामूल्य मिळते. तरीही एकाच घरातील दुसऱ्या, तिसऱ्या माणसाला हा रोग का गाठतो? मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरताच. परंतु २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनाने या प्रश्नाला जे उत्तर दिले आहे, ते समजण्यास डॉक्टर असावे लागत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

१८८२ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचे जंतू शोधून काढले. त्यानंतरही कित्येक वर्षे मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार हाच मुख्य उपचार होता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि चित्र पालटले. १९५९ साली मद्रास येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामात ठेवलेले आणि घरीच औषध घेणारे अशा १९३ रुग्णांची त्यात तुलना होती. घरी राहणाऱ्यांचे खाणे निकृष्ट, तरी वर्षभराच्या औषधाने तेही जवळजवळ तितकेच बरे झाले! गोरगरिबांना हा मोठाच दिलासा होता. मात्र औषधाच्या या यशात आहाराचा विचार मागे पडला.

डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा पुढे आणला. झारखंडमधील चार जिल्ह्यांत त्यांनी २८०० रुग्ण व त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे अभ्यासासाठी निवडली. सर्व रुग्णांना औषधाबरोबर दरमहा १० किलोंचा शिधा दिला. घरच्या माणसांचे मात्र दोन गट केले. एका गटातील प्रत्येक प्रौढास दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटाचा आहार नेहमीचाच राहिला. शिधा मिळालेल्या गटात क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. थुंकीत जंतू सापडून सिद्ध होणारा फुफ्फुसाचा क्षय तर जवळजवळ निम्म्यावर आला. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. चाळीस किलोच्या माणसाला ही वाढ म्हणजे अवघे दोन किलो!

असे का व्हावे? क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच, असे नाही. बहुतेकांच्या शरीरात तो आयुष्यभर दबून राहतो. त्याला दाबून ठेवणारी शक्ती उपासमारीने खचते आणि मग तो डोके वर काढतो.

आपल्याकडे घरात कोणाला क्षय झाला की पहिल्याप्रथम त्याचे ताट-वाटी वेगळी करतात. वास्तविक हा रोग उष्ट्या भांड्यातून पसरत नाही. तो खोकल्यातून हवेत जातो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, खोकताना तोंडावर फडके धरावे, पण माणसाला दूर लोटू नये. घरातील इतरांनीही तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास प्रतिबंधक औषध घ्यावे. अन्न म्हणजे औषधाला पर्याय नव्हे, हेही विसरता कामा नये. औषधाचा क्रम पुराच केला पाहिजे.

शासन २०१८ पासून रुग्णाला आहारासाठी दरमहा ५०० रुपये देत आले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. पण कमावता माणूसच अंथरुणाला खिळला, तर त्या पैशांत सारे घर जेवते. आणि सर्वांना वाढून झाल्यावर उरले तर खाणारी घरची बाई, तिच्या वाट्याला डाळ किती येते? मित्रमैत्रिणींनो, सुटीत गावी गेल्यावर दोन आठवड्यांहून अधिक खोकणारा कोणी दिसला, तर त्याला थुंकी तपासण्यास अवश्य न्या. आणि त्याच्या घरी जाल तेव्हा चुलीवर काय शिजते आहे, याचीही चौकशी करा.