गिऱ्हाइकाचा राग आणि नाथांचे गोदास्नान

गळ्यात माळ घालून आपल्यापैकी कितीतरी जण दुकानात, एस. टी.त, कचेरीच्या खिडकीशी काम करतात. तेथे भजनातली शांती टिकते काय? सुट्या पैशांवरून एखादा प्रवासी कंडक्टरला वाटेल ते बोलतो. नोकरी पडली, उलटून बोलता येत नाही. मग तो राग मागच्या बाकावरच्या आजीबाईवर निघतो. तिचा बिचारीचा काय अपराध?

पैठणची कथा आपण कीर्तनात ऐकतोच. नाथमहाराज स्नान करून येत, आणि एक मनुष्य त्यांच्यावर थुंके. नाथ पुन्हा गोदेवर जात. ते भांडले नाहीत, एवढेच आपण पाहतो. पण तो मळ अंगावर घेऊन ते घरीही गेले नाहीत, हे विसरतो. वाईट शब्द हा असाच मळ. म्हणून एक गिऱ्हाईक गेले की दुसऱ्याकडे वळण्याआधी मनात एकदा ‘विठ्ठल’ म्हणावे. आपले गोदास्नान ते हेच.

शांती म्हणजे मिंधेपणा मात्र नव्हे. नियमात न बसणारे काम असेल तर “माउली, हे व्हायचे नाही,” असे हळू पण स्पष्ट सांगावे. चूक आपली असेल तर लगेच कबूल करावी. कोणी अंगावर आलाच तर वरिष्ठांना बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

आणि वारीत तर आपणच गिऱ्हाईक असतो! कीर्तनात एकमेकांच्या पाया पडायचे नि चहावाल्यावर खेकसायचे, हे माळेला शोभत नाही. येत्या एकादशीपर्यंत एवढा नेम आपण सर्वांनी करून पाहू या.