बारा घागरींचा हिशेब

मे महिन्यात घाटंजीच्या बाजारात कैऱ्या आल्या की घरोघरी लोणच्याची तयारी सुरू होते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून त्या परातीत ठेवतात. तासा-दोन तासांनी पाहावे, तर परातीत पाणी साचलेले असते. ते कोणी ओतलेले नसते. फोडींतूनच ते बाहेर आलेले असते. बाहेर मीठ जास्त, आत कमी आणि मध्ये पेशींचा पातळ पडदा, अशा वेळी पाणी पडद्यातून मिठाच्या बाजूला जाते. पाठ्यपुस्तकात या क्रियेला परासरण म्हणतात. विद्यार्थी मित्रांनो, ही परात ध्यानात ठेवा. तिची गरज थोड्या वेळाने पडणार आहे.

'मूत्रपिंड म्हणजे रक्तातील घाण गाळणारी चाळणी' असे उत्तर परीक्षेत लिहिले तर गुण मिळतात. मी भौतिकशास्त्र शिकवणारा असल्यामुळे असेल, पण मला ते उत्तर अपुरे वाटते. चहाच्या गाळणीत चोथा वर राहतो आणि हवा तो चहा खाली जातो. मूत्रपिंडात याच्या उलट होते. तेथे टाकाऊ पदार्थ तर खाली जातातच, पण त्यांच्याबरोबर पाणी, साखर, मीठ असा पुष्कळ चांगला मालही खाली जातो. आणि मग तो वेचून परत घ्यावा लागतो. खरे कौशल्य त्या वेचण्यात आहे.

कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, सुमारे १५० ग्रॅम वजनाचे एकेक मूत्रपिंड असते. हृदय जेवढे रक्त बाहेर ढकलते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला एक लिटरहून थोडे अधिक, या दोघांकडे येतो. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म नळ्या आहेत. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी पेल्यासारखे बोमनचे संपुट असते आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता बसवलेला असतो. गाळण्याचे काम येथे होते.

ते कशाच्या जोरावर होते, हे आता पाहा. गुंत्यातील रक्ताचा दाब पाऱ्याच्या स्तंभात मोजला तर साधारण ६० मिलिमीटर भरतो. हा दाब द्रव बाहेर ढकलतो. पण रक्तातील प्रथिने पाणी धरून ठेवतात, त्यांची ओढ सुमारे ३२ मिलिमीटर; आणि संपुटात आधीच असलेला द्रव सुमारे १८ मिलिमीटरचा उलटा रेटा देतो. वजाबाकी केली की उरतात अवघे १० मिलिमीटर! पाण्याच्या भाषेत सांगायचे तर वीतभरही उंची नसलेल्या स्तंभाचा हा दाब. (म्हणूनच अतिसारात किंवा रक्तस्रावात रक्तदाब फार घसरला की लघवी होणेच थांबते.) एवढ्याशा दाबावर दोन्ही मूत्रपिंडे मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळतात. दिवसाचा गुणाकार तुम्हीच करा. उत्तर १८० लिटर येईल, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा घागरी.

आपण मात्र दिवसाला साधारण दीड लिटर लघवी करतो. उरलेले १७८ लिटर गेले कोठे? ते रक्तात परत गेले. नळीच्या पहिल्या वळणावळणाच्या भागातच जवळजवळ दोन तृतीयांश पाणी आणि, निरोगी माणसात, बहुतेक सगळी साखर परत घेतली जाते. युरियाचा बराचसा भाग मात्र पुढे जातो.

आता परातीकडे वळू. नेफ्रॉनचा पुढचा भाग केसाच्या आकड्यासारखा खाली जाऊन वर येतो. हा हेन्लेचा पाश. त्याची वर येणारी बाजू मीठ बाहेर फेकते, पण पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात मीठ साठत जाते. युरियाही त्यात भर घालतो. सर्वांत खोल भागी हा खारेपणा रक्ताच्या चौपट होतो. मूत्र गोळा करणाऱ्या नळ्या याच खाऱ्या गाभ्यातून खाली उतरतात. शरीरात पाणी कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात येते आणि या नळ्यांच्या भिंतीतील पाण्याच्या वाटा उघडतात. मग बाहेरच्या मिठाकडे पाणी खेचले जाते, कैरीच्या फोडीतून जावे तसेच. नळीत उरते ते दाट, पिवळे मूत्र. तुम्ही तांब्याभर पाणी प्यालात की संप्रेरक कमी होते, वाटा बंद होतात आणि लघवी पातळ होते. मूत्रवाहिनी व मूत्राशय यांचे काम त्यानंतरचे. ते केवळ वाहून नेण्याचे आणि साठवण्याचे.

पण या काटकसरीला मर्यादा आहे. गाभा रक्ताच्या चौपटच खारा होतो, त्यामुळे मूत्रही त्याहून दाट होऊ शकत नाही. विरघळलेल्या कणांच्या एककात सांगायचे तर लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे १२०० एकके. रोज बाहेर टाकावी लागतात सुमारे ६००. ६०० भागिले १२००, म्हणजे अर्धा लिटर. तुम्ही पाणी प्या वा न प्या, कचरा बाहेर न्यायला एवढे पाणी द्यावेच लागते. समुद्राचे पाणी पिऊन तहान का भागत नाही, तेही यावरून कळेल. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला प्यालेल्यापेक्षा अधिक पाणी खर्ची पडते.

आपल्याकडे प्रश्न येतो तो उन्हाळ्यात. पारा ४४ अंशांवर असताना शेतात राबणाऱ्या माणसाला तासाला लिटरभरही घाम येऊ शकतो. लिटरभर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणूनच माणूस तगतो. पण ते पाणी रक्तातून गेलेले असते. ते भरून काढले नाही तर मूत्र दाट होते, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक धरू लागतात आणि मुतखड्याची सुरुवात होते. अशा कोरड्या अंगाने काम करून संध्याकाळी अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेणे अधिकच वाईट. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी करतात. तो दहा मिलिमीटरचा दाब आठवा!

येथे शिक्षकांसाठी थोडे लिहितो. शाळेतील मुतारी वापरण्याजोगी नसली की मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी वारंवार वाहत राहिली तर मूत्रमार्गातील जंतू धुऊन जातात. तासन्‌तास तुंबवली तर त्यांना वाढायला वेळ मिळतो. जीवशास्त्राचा हा धडा शिकवण्यापूर्वी मुतारीचे दार आणि नळ एकदा पाहून यावे.

एक प्रयोग सुचवतो. सुटीच्या दिवशी २४ तासांत प्यालेले पाणी, चहा, ताक मापाने मोजून लिहा. एक जुने भांडे वेगळे ठेवून लघवीही मोजा, रंग टिपून ठेवा. दोन्ही आकड्यांत फरक येईल. अन्नातूनही थोडे पाणी मिळालेले असते, तेव्हा खरा फरक त्याहून मोठा. तो गेला घामात, श्वासात आणि थोडासा शौचावाटे. हेच माप डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा घ्या आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहा.