पव्व्याचा हिशोब धानात

बाबू, पिऊन गाडी चालवली तर दहा हजार दंड, हे तुला कारध्याच्या कुठल्याही पानठेल्यावर सांगतील. पकडलं गेल्यावरच्या सगळ्या खर्चात दंडाचा आकडाच सगळ्यात लहान असतो, हे मात्र तिथं कुणी सांगत नाही. भंडाऱ्याच्या कोर्टात वकिलाचा मुन्शी म्हणून माझं आयुष्य गेलं. आमचे वकीलसाहेब पक्षकाराला रक्कम रुपयांत सांगत नसत, धानात सांगत. त्यांच्याकडून घेतलेला तो हिशोब आता तुझ्या कानात घालून ठेवतो.

२०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा आधारभूत भाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे दहा हजाराचे झाले सव्वाचार क्विंटल. २०१९ पर्यंत हाच दंड जास्तीत जास्त दोन हजार होता, मग मोटार वाहन कायदा बदलला. दुसऱ्यांदा सापडलास तर पंधरा हजार. शिवाय कैदही होऊ शकते, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत. पिऊन चालवण्याच्या या कलम १८५ ला फटफटी, ट्रॅक्टर आणि पिकअप सारखेच. ‘बांधीतून घरीच तर चाललो होतो’ हे मी कोर्टात किती जणांच्या तोंडून ऐकलं! रस्त्यावर चाक आलं की ते चालत नाही.

हेल्मेटच्या चालानसारखं हे मोबाईलवर पैसे भरून मिटत नाही. जागेवर तडजोड करता येणाऱ्या कलमांच्या यादीत १८५ नाहीच. कोर्टात उभं राहावंच लागतं. गाडी ठाण्यात लागली तर सुपुर्तनाम्यावर सोडवून आणायची, वकिलाची फी, जमानतदाराचा चहा-नाश्ता, आणि प्रत्येक तारखेला बुडालेली मजुरी. रोवणीच्या दिवसांत तारीख लागली तर बांधीतल्या मजुरांना कोण सांभाळणार? हा खर्च कोणत्याच पावतीवर येत नाही.

इथंच लोक फसतात. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी भेटतो आणि म्हणतो, ‘गुन्हा कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो.’ कबूल केलं की शिक्षा झाली. आणि १८५ खाली शिक्षा झाली की लायसन्स किमान सहा महिने बाद करणं कायद्यानं न्यायाधीशावर बंधनकारक आहे. कमीत कमी सहा, जास्त कितीही. पिकअपवर महिना पंधरा हजार कमावणाऱ्या पोराचे ते नव्वद हजार झाले, म्हणजे अडतीस क्विंटल धान. आणि बाद लायसन्सवर गाडी काढली तर त्याचा पुन्हा दहा हजारांचा वेगळा दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून कबुली द्यायची की नाही, हे तुझ्या वकिलाला विचारून ठरव, व्हरांड्यातल्या माणसाला नाही.

तू पोलीस भरतीसाठी पहाटे पळतोस, म्हणून हेही ऐक. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून घेतात. तुझ्यावर कधी गुन्हा दाखल झाला का, अटक झाली का, शिक्षा झाली का, असं त्यात स्पष्ट विचारलेलं असतं. खरं लिहिलं तर नेमणूक अडू शकते, लपवलं तर लागलेली नोकरीसुद्धा जाऊ शकते. सरकारी नोकरीत असलेला माणूस अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर तो निलंबित झाला असं नियमच मानतो. एका पगाराचा धानात हिशोब तूच मांड.

आता विम्याचं. ‘माझा फुल इन्शुरन्स आहे’ म्हणणाऱ्याला पॉलिसीची मागची पानं वाचायला लाव. नशेत चालवताना झालेलं गाडीचं नुकसान त्यात बसत नाही, आणि मालक-चालकाचा स्वतःचा अपघात विमाही नशेत मिळत नाही. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्श गाडी फुटपाथवर आदळली. मालक कंपनीनं विमा मागितला, विमा कंपनीनं नशेचं कारण देऊन तो नाकारला आणि वाद थेट सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. एप्रिल २०२१ मध्ये निकाल लागला, तो मालक कंपनीच्या विरोधात. रक्ताचा रिपोर्ट नसला तरी आजूबाजूच्या पुराव्यावरून नशा ठरवता येते, असं कोर्टानं त्यात म्हटलं. ‘मेडिकल झालंच नाही तर काय बिघडतं’ असं पानठेल्यावर बोलतात ना, त्याचं उत्तर या निकालात आहे. आणि मशीनमध्ये फुंकायला नकार देणं तर उलट अंगावर येतं. नकार तुझ्याविरुद्धच्या पुराव्याला जोड म्हणून धरता येतो.

पण खरा खड्डा पुढं आहे. समज, तुझ्या गाडीखाली माणूस गेला. वय तीस, महिन्याची कमाई बारा हजार, मागं बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण यात अंदाजानं आकडा टाकत नाही. सुप्रीम कोर्टानं २००९ आणि २०१७ च्या निकालांत गणित घालून दिलंय. वर्षाची कमाई एक लाख चव्वेचाळीस हजार. पुढं वाढली असती म्हणून त्यात चाळीस टक्के मिळवायचे, झाले दोन लाख एक हजार सहाशे. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, उरले एक लाख एक्कावन्न हजार दोनशे. तीस वयाला सतरानं गुणायचं. पंचवीस लाख सत्तर हजार चारशे. वर अंत्यविधी वगैरेचे वेगळे, आणि दावा दाखल केल्या दिवसापासून व्याज. हजार क्विंटलच्या वर धान झालं बाबू. दोन एकरवाल्यानं हे गणित रात्री करू नये, झोप येत नाही.

‘पण थर्ड पार्टी विमा देईल ना?’ हो, मेलेल्याच्या घरच्यांना बहुतेक वेळा विमा कंपनीच आधी पैसे देते, कोर्ट तिला द्यायला लावतं. पण नशा सिद्ध झाली तर तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभाही कोर्ट देऊ शकतं. केरळ हायकोर्टानं २०२३ मध्ये हेच सांगितलं. आणि अशी वसुली होते कशी? कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण कलेक्टरला दाखला पाठवतं आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली लागते. सातबारा तुझ्या एकट्याच्या नावावर नाही, त्यावर तुझ्या बापाचं आणि काकाचंही नाव आहे. पव्वा तू प्यायचा आणि तलाठ्याच्या दारात त्यांनी बसायचं, असं ते असतं.

सकाळचंही सांगतो, कारण यात भलेभले अडकतात. कायद्याची हद्द आहे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसानं एक पव्वा घेतला तर हा आकडा साधारण दीडशेच्या आसपास जातो. शरीर तासाला पंधराच्या आसपास कमी करतं. लिंबू पी, डोक्यावर गार पाणी ओत, कडक चहा घे, ती गती वाढत नाही. रात्री अकराला बाटली संपली तर हद्दीखाली यायला सकाळचे सात वाजतात, कुणाला आणखी जास्त. पहाटे पाचला नागपूरला भाजी घेऊन निघणारा कायद्याच्या हिशोबात अजून प्यालेलाच असतो, मग तोंडात खर्रा असो की बडीशेप. आणि आपल्याकडून जातो तो हायवे मुंबई-कोलकात्याचा, आधी सहा नंबर होता, आता त्रेपन्न. त्यावर चुकीला जागा देणारा ट्रक मी तरी पाहिला नाही.

दिवाळीनंतर मंडयांचा, म्हणजे आपल्या गावजत्रांचा मोसम लागतो. रात्रभर दंडार, नाटक, पाहुण्यांनी भरलेली घरं, आणि बाहेर धुऱ्यापर्यंत लागलेल्या फटफट्या. मी पिऊ नको म्हणणार नाही, तू ऐकणारही नाहीस. पण किल्ली संध्याकाळीच, पहिला ग्लास भरायच्या आधी, त्या घरच्या आत्याकडे नाहीतर मामीकडे दे. पुरुषाकडे देऊ नको, अकरा वाजता तोही तुझ्याच पंगतीत असतो. मंडईला प्रत्येक घरी चटई टाकायची तयारी असतेच, लाजायचं कारण नाही. आणि दुसरा कुणी डुलत येऊन तुझी गाडी मागेल तेव्हा नातं बघू नको. प्यालेल्याला गाडी चालवायला जाणूनबुजून मदत करणाऱ्यालाही कलम १८८ मध्ये तीच शिक्षा आहे, आणि गाडीचा मालक म्हणून भरपाईचा दावा तुझ्यावर येतोच. शिव्या खा, किल्ली देऊ नको.

एक राहिलंच. ती जुनी फटफटी तू पोळ्याच्या आधी विकलीस, पैसे घेतलेस, कोऱ्या फॉर्मवर सह्या दिल्यास. नाव बदललं का? नाही ना. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की भरपाईच्या बाबतीत कागदावर ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढं कितीही हातांत गेली तरी. घेणारा पोरगा कसा आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सोमवारी त्याला सोबत घे, भंडाऱ्याच्या आरटीओत जा, आणि नाव चढलेलं कार्ड डोळ्यांनी बघितल्याशिवाय निश्चिंत होऊ नको.