मोटारीच्या रंगावरील डांबर

प्रश्न : रात्री दारात उभ्या असलेल्या माझ्या पांढऱ्या मोटारीवर कोणा अज्ञात इसमाने डांबर फासले. ते कसे काढावे?
– एक वाचक, आष्टी (ता. परतूर, जि. जालना)

उत्तर : आपला संताप सर्वस्वी न्याय्य आहे, तथापि हात लावण्यापूर्वी छायाचित्रे घेऊन फिर्याद द्यावी, कारण डाग गेल्यावर पंचनाम्यास काही उरत नाही, आणि विमा कंपनीसही तोच पुरावा लागतो.

डांबर हा खनिज तेलाचाच अवशेष असल्यामुळे ते साबणपाण्याला दाद देत नाही, परंतु रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये विरघळते. म्हणून मोटार सावलीत घेऊन, पत्रा पूर्णपणे निवल्यावर, आधी दाराच्या आतल्या कडेवर चाचणी करून, त्यात भिजवलेली मऊ सुती चिंधी डागावर काही मिनिटे नुसती ठेवावी, आणि डांबर तपकिरी होऊन ओघळू लागले की न घासता, प्रत्येक वेळी फडक्याची स्वच्छ घडी घेऊन, ते अलगद टिपावे. जवळ विडीकाडी नसावी. पाते, तारेची घासणी व थिनर सर्वथा वर्ज्य समजावेत: मूळ रंगावरील पारदर्शक लेप अत्यंत पातळ असतो, आणि गॅरेजात पुन्हा रंगवलेला भाग थिनरने हमखास बिघडतो. नंतर शाम्पूने धुऊन मेण चढवावे.

पांढऱ्या रंगावर पिवळसर झाक राहिली, तरी ती बहुधा पॉलिशने जाते. नव्याने रंग देण्याची घाई करू नये.